अमरकोशकार अमरसिंह : विरोधकांनीही पाठ केलेला बौद्ध पंडित

भारतातील जुन्या पाठशाळांत संस्कृतचा श्रीगणेशा करणाऱ्या मुलाला व्याकरणाच्या रूपांबरोबरच एक पद्यग्रंथ पाठ करावा लागे. अर्थ उमगो वा न उमगो, त्याचे श्लोक रोज मोठ्याने म्हणायचे आणि जन्मभर जिभेवर ठेवायचे, अशी रीत होती. काश्मीरपासून केरळपर्यंत आणि बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत शेकडो वर्षे ती चालत राहिली. या ग्रंथात स्वर्ग, देव आणि असुर यांची सर्वसाधारण नावे सांगून झाली की पहिले स्वतंत्र नाव येते ते भगवान बुद्धांचे. त्यांची १८ नावे, पाठोपाठ शाक्यमुनी म्हणून आणखी ७ नावे, आणि त्यानंतर ब्रह्मा, विष्णू, शिव. ज्या घरांत बुद्धांविषयी आदराने बोलणे रुचत नसे, त्या घरांतील मुलेही पाठ म्हणताना आधी तथागतांची नावे घेत आणि मग आपल्या दैवतांकडे वळत.

हा ग्रंथ म्हणजे अमरकोश आणि त्याचे कर्ते अमरसिंह. शब्दकोश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कपाटातील जाडजूड पुस्तक उभे राहते. ते लिहिणाऱ्या माणसाचा विचार सहसा मनात येत नाही. परंतु अमरसिंह हे असे कोशकार होते की ज्यांचा धर्म वेगळा होता, तरीही ज्यांच्या ग्रंथाशिवाय त्या धर्माच्या विरोधकांचेही पान हलत नसे. आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असे वाटले, त्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ते ओघात येईलच.

काळ आणि आख्यायिका

अमरसिंहांचा काळ विद्वान इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकांदरम्यान मानतात. परंपरा त्यांना उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या दरबारात बसवते. धन्वंतरी, क्षपणक, शंकू, वेतालभट्ट, घटकर्पर, कालिदास, वराहमिहिर, वररुची आणि अमरसिंह ही ती प्रसिद्ध नवरत्ने. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थांबून विचार केला पाहिजे. नवरत्नांची ही यादी ज्योतिर्विदाभरण नावाच्या ग्रंथात येते आणि तो ग्रंथ बराच नंतरचा आहे. यादीतील वराहमिहिर सहाव्या शतकातील आहेत आणि सर्व नऊ जण एकाच काळी जगले असे म्हणायला आधार नाही. लोकांना आवडलेली मोठी नावे एका माळेत ओवण्याची ही जुनी हौस आहे. त्या माळेत एका बौद्ध कोशकाराला जागा मिळाली, एवढी गोष्ट मात्र खरी आणि बोलकी आहे.

दुसरी आख्यायिका बोधगयेची. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स विल्किन्स या इंग्रज पंडिताने बोधगयेच्या एका शिलालेखाचे भाषांतर प्रसिद्ध केले. विक्रमाच्या नवरत्नांपैकी अमरदेवाने तेथील मंदिर बांधले, असा त्याचा आशय होता. त्यावरून महाबोधी विहाराचे श्रेय अमरसिंहांना देण्याचा मोह अनेकांना झाला. पुढे त्या लेखाच्या खरेपणाविषयीच शंका घेतली गेली आणि इतिहासकारांनी तो पुरावा बाजूला ठेवला. आपल्या माणसाचे मोठेपण सांगताना कच्चा पुरावा वापरण्याची गरज नसते. अमरसिंहांनी विटांचे मंदिर बांधले नसेल, पण शब्दांचे जे बांधले ते अजून उभे आहे.

त्यांचे बौद्ध असणे मात्र त्यांच्या ग्रंथातूनच दिसते. आरंभीच्या वंदनात कोणत्याही देवतेचे नाव नाही. ज्ञान आणि करुणा यांचा अथांग सागर असलेल्या, निर्दोष गुणांच्या एका पुरुषाला ते वंदन आहे. टीकाकारांनी त्यातून बुद्ध हाच अर्थ काढला. त्यानंतर बुद्धांच्या नावांचा मान पहिला. पुढे वनस्पतींच्या वर्गात पिंपळाची नावे सांगताना ते बोधिद्रुम या नावाने सुरुवात करतात. ज्या झाडाखाली सिद्धार्थांना संबोधी प्राप्त झाली, त्या झाडाची पहिली ओळख त्या प्रसंगाने व्हावी, ही त्यांची निवड आहे. ती त्यांनी कोठेही मोठ्याने सांगितलेली नाही.

बौद्ध पंडिताने संस्कृत कोश का रचला?

हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. भगवान बुद्धांनी लोकांच्या भाषेत उपदेश केला आणि भिक्खूंनाही तीच वाट दाखवली. मग त्यांच्या अनुयायाने संस्कृतची सेवा का करावी?

याचे उत्तर त्या शतकांच्या इतिहासात आहे. अश्वघोषांपासून बौद्ध आचार्य संस्कृतात काव्य आणि शास्त्र लिहू लागले होते. पाचव्या शतकात नालंदा महाविहार उभा राहिला. वसुबंधू आणि दिङ्नाग यांनी तत्त्वज्ञान व तर्कशास्त्राचे ग्रंथ संस्कृतात लिहिले. चंद्रगोमिन् या बौद्ध आचार्यांनी स्वतंत्र संस्कृत व्याकरण रचले. आपल्या महाराष्ट्रात त्याच पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटकांच्या काळी अजिंठ्याची महायान लेणी कोरली जात होती आणि तेथील दानलेखही संस्कृतात कोरले गेले. त्या काळी वादसभा संस्कृतात भरत, राजदरबाराचे दरवाजे संस्कृताने उघडत. विरोधकाला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायचे तर ती भाषा त्याच्याहून चांगली आली पाहिजे, हे बौद्ध आचार्यांनी ओळखले होते. अमरसिंह याच परंपरेतील होते.

कोशरचनेची परंपरा त्यांच्याही आधीची होती. निघंटू हा भारतातील सर्वांत जुना उपलब्ध शब्दसंग्रह. वेदांतील कठीण शब्दांच्या त्या याद्या होत्या आणि त्यांच्यावर यास्कांनी निरुक्त नावाचे विवरण लिहिले. पण निघंटूचा उपयोग वेद वाचणाऱ्यांपुरता होता. त्यात नामांबरोबर क्रियापदेही होती. पुढे काव्य, नाटक, वैद्यक, राजकारण अशा अनेक क्षेत्रांत संस्कृत वापरली जाऊ लागली, तेव्हा वेदाबाहेरील जगाच्या कोशाची गरज भासू लागली. व्याडी, कात्य, भागुरी, वररुची अशा जुन्या कोशकारांची नावे टीकाकार घेतात. त्यांचे कोश काळाच्या ओघात मागे पडले. अमरसिंहांनी स्वतःच आरंभी नम्रपणे सांगून ठेवले आहे की, इतरांचे ग्रंथ एकत्र करून, संक्षेप करून आणि नीट वर्गवारी लावून आपण हा ग्रंथ सिद्ध केला आहे. आपण काही नवे निर्माण केले असा दावा त्यांनी केला नाही. आणि नेमके त्यांचेच काम टिकले.

डोक्यात मावणारा कोश

अमरसिंहांनी आपल्या ग्रंथाला नामलिंगानुशासन असे नाव दिले. नामे आणि त्यांची लिंगे यांची शिकवण, असा त्याचा अर्थ. अमरकोश हे नाव लोकांनी दिले. ग्रंथाची तीन कांडे आहेत, म्हणून त्याला त्रिकांड असेही म्हणतात. सुमारे दीड हजार श्लोक आणि दहा हजारांच्या आसपास शब्द, एवढा त्याचा पसारा आहे.

आजचा कोश वर्णानुक्रमाने लावलेला असतो. शब्द माहीत असतो आणि अर्थ शोधायचा असतो. अमरकोशाची वाट उलटी आहे. तेथे वस्तू माहीत असते आणि तिच्यासाठी किती शब्द आहेत हे कळते. म्हणून त्यांनी शब्द विषयवार मांडले. पहिल्या कांडात स्वर्ग, आकाश, दिशा, काळ, बुद्धी, वाणी, नाट्य, पाताळ, नरक आणि पाणी. दुसऱ्या कांडात पृथ्वी, नगर, पर्वत, वनौषधी, पशुपक्षी, मनुष्य आणि त्यानंतर चार वर्ण. तिसऱ्या कांडात विशेषणे, अनेकार्थी शब्द, अव्यये आणि लिंगांचे नियम. अनेकार्थी शब्द लावताना त्यांनी शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा क्रम धरला. पद्याचा शेवट जुळवणाऱ्या कवीला असा क्रम किती उपयोगी पडत असेल, हे सहज लक्षात येईल.

त्या काळी ग्रंथ ताडपत्रांवर किंवा भूर्जपत्रांवर हाताने लिहिले जात. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ पोथी असणे शक्य नव्हते. म्हणून कोश डोक्यातच मावला पाहिजे, हे अमरसिंहांनी जाणले आणि बहुतांश ग्रंथ सोप्या अनुष्टुभ छंदात बांधला. एकही अक्षर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी काही खुणा ठरवल्या. शब्दाचे लिंग शक्यतो त्याच्या रूपावरून किंवा शेजारच्या शब्दावरून कळावे. जेथे ते कळणार नाही, तेथेच वेगळा शब्द घालून ते सांगावे. तीनही लिंगांत चालणाऱ्या शब्दासाठी एक खूण, दोन लिंगांत चालणाऱ्या शब्दासाठी दुसरी. तु किंवा अथ असा छोटा शब्द आला की मागील गट संपला आणि नवा सुरू झाला असे समजावे. आज आपण स्वल्पविराम, कंस आणि संक्षेपचिन्हे वापरून जे साधतो, ते त्यांनी कानाला ऐकू येणाऱ्या अक्षरांनी साधले.

आणखी एक गुण सांगितला पाहिजे. मुक्तीची नावे देताना त्यांनी निर्वाण, कैवल्य, मोक्ष, अपवर्ग हे शब्द एका ठिकाणी आणले. निर्वाण हा आपला शब्द, कैवल्य सांख्य-योगाचा, अपवर्ग न्यायदर्शनाचा. या पंथांचे आचार्य एकमेकांशी पिढ्यान् पिढ्या वाद घालत होते. अमरसिंहांनी कोणाचाही शब्द गाळला नाही. विष्णूची आणि शिवाची नावेही त्यांनी हात आखडता न घेता, भरभरून दिली. स्वतःची श्रद्धा त्यांनी क्रमातून दाखवली, परंतु दुसऱ्याच्या शब्दावर अन्याय केला नाही. पुढे सर्व पंथांनी हा ग्रंथ आपला मानला, त्याचे मूळ या प्रामाणिकपणात आहे.

शूद्रवर्गाचे पान

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येतो.

एम. ए. च्या काळात ग्रंथालयात मी प्रथम अमरकोश उघडला, तो दुसऱ्या कांडाच्या शेवटी. ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शेवटी शूद्रवर्ग. बौद्ध पंडिताच्या ग्रंथात ही उतरंड पाहून मन खट्टू झाले. वाचत गेलो तसे अधिकच. शूद्रवर्गाच्या आरंभीच संकीर्ण जातींची व्यवस्था येते आणि चांडाळ म्हणजे ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांची संतती, ही धर्मशास्त्रांची व्याख्या जशीच्या तशी येते. पुढे चांडाळाची नावे येतात. त्यांत मातंग हाही शब्द आहे.

हे लपवण्यासारखे नाही. अमरसिंहांना आपण समाजक्रांतिकारक ठरवू लागलो तर ते इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी समाजात आणि शास्त्रांत जे शब्द चालत होते ते नोंदवले. कोश आरशासारखा असतो. चेहऱ्यावरचा डाग तो दाखवतो, पुसत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेले चिनी भिक्खू फाहियान यांनीही चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात येताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात, असे लिहून ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमारास झाला असा निष्कर्ष काढला. म्हणजे अमरसिंहांचा कोश ज्या शतकांत घडला, त्यांच्याच आगेमागे ही भिंत उभी राहत होती. त्या अर्थाने हा ग्रंथ त्या काळाचा साक्षीदार आहे. साक्षीदाराचे सांगणे आपल्याला आवडो वा न आवडो, ते ऐकावे लागते.

पण मातंग या शब्दाशी थोडे थांबू. सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवान बुद्धांनी याच नावाच्या एका चांडाळपुत्राचे उदाहरण दिले आहे. तो आपल्या कर्माने इतका थोर झाला की क्षत्रिय आणि ब्राह्मण त्याच्या सेवेला येऊ लागले. जन्माने कोणी हीन ठरत नाही हे समजावण्यासाठी बुद्धांनी हाच माणूस निवडला. जो शब्द शास्त्रकारांनी खाली ढकलण्यासाठी वापरला, तोच तथागतांनी उंचावून दाखवला. शब्दाचा अर्थ कोशात नोंदलेला असतो, पण त्याची किंमत माणसे ठरवतात.

आणि त्याच शूद्रवर्गात, त्याच पानावर, मला दुसरेही काही दिसले. चार वर्णांची उतरंड मांडून झाल्यावर अमरसिंह कारागिरांकडे वळतात. कुंभार, विणकर, शिंपी, सुतार, लोहार, सोनार, तांबट, चांभार, माळी, न्हावी, धोबी, चित्रकार, वीणा वाजवणारे, बासरी वाजवणारे, मृदंग वाजवणारे. कोणाला दोन नावे, कोणाला चार, पाच. त्यानंतर त्यांची हत्यारे. लोहाराची भस्त्रा, जिला आपण भाता म्हणतो. लाकूड कापायचे करपत्र, म्हणजे आपली करवत. दगड फोडायचा टंक, त्याच घराण्यातली आपली टाकी. कर्तरी, म्हणजे कात्री. आणि चामड्याला भोक पाडायची आरा, म्हणजे आरी. चांडाळ वाजवीत असलेल्या साध्या वीणेलासुद्धा त्यांनी तीन नावे दिली आहेत.

मी त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. आरी हा शब्द मी आमच्या वस्तीशेजारच्या चांभाराच्या दुकानात ऐकला होता, टाकी खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या तोंडून. हे शब्द गावंढळ आहेत, असे शाळेत आम्हाला नकळत शिकवले गेले होते. ते दीड हजार वर्षे जुने आहेत आणि ज्या ग्रंथाला पंडित डोक्यावर घेतात त्यात लिहिलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळले. ज्या पाठशाळांत ही नावे घोकली जात, तेथे ही हत्यारे हातात धरणाऱ्यांच्या मुलांना पाऊल ठेवता येत नव्हते. शब्द आत होते आणि शब्दांचे धनी बाहेर.

आरोप, दंतकथा आणि प्रवास

मोठ्या ग्रंथाला मोठे शत्रूही मिळतात. पंडितांमध्ये अमरसिंहांविषयी एक कुत्सित उक्ती चालत आली आहे. त्यांनी पतंजलींचे महाभाष्य चोरले, असा तिचा आशय. महाभाष्य हा व्याकरणाचा विवेचक ग्रंथ आणि अमरकोश हा नामांचा संग्रह. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून पाहिले की आरोपात किती अर्थ आहे ते कळते. दुसरी दंतकथा अशी की बौद्धांचे ग्रंथ जाळले गेले तेव्हा अमरसिंहांचे इतर सर्व ग्रंथही नष्ट झाले आणि फक्त हा कोश वाचवण्यात आला. ही कथाही इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण लोक दंतकथा उगाच रचत नाहीत. बौद्ध विद्येचे किती धन या भूमीतून नाहीसे झाले याची जाणीव, आणि हा एक ग्रंथ तरी सोडता येणार नाही याची कबुली, या दोन्ही गोष्टी त्या कथेत एकत्र आल्या आहेत.

अमरकोशावर चाळीसहून अधिक टीका लिहिल्या गेल्या असे सांगितले जाते. क्षीरस्वामींची अकराव्या शतकाच्या सुमाराची टीका त्यांत विशेष मानली जाते. बंगालच्या सर्वानंदांनी ११५९ च्या सुमारास टीकासर्वस्व लिहिले. संस्कृत शब्द समजावताना त्यांनी त्या काळचे शेकडो बंगाली लोकशब्द दिले आणि आज बंगाली भाषेचा जुना इतिहास शोधणारे अभ्यासक तेच शब्द पुरावा म्हणून वापरतात. पंधराव्या शतकात रायमुकुटांनी आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांचे पुत्र भानुजी दीक्षित यांनी टीका लिहिल्या. पुरुषोत्तमदेव या बौद्ध पंडितांनी अमरकोशात न आलेले शब्द गोळा करून त्रिकांडशेष रचला. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात गुजरातेत अभिधानचिंतामणी सिद्ध केला. संस्कृत ही एकाच समाजाची मिरास नाही. तिचे कोश घडवण्यात बौद्ध आणि जैन यांचा वाटा किती मोठा आहे, हे या नावांवरून स्पष्ट व्हावे.

भारताबाहेरही हा ग्रंथ पोहोचला. श्रीलंकेत पराक्रमबाहू राजाच्या काळी, बाराव्या शतकात, मोग्गल्लान स्थविरांनी अमरकोशाच्या धर्तीवर अभिधानप्पदीपिका हा पाली कोश रचला. त्यातही तीन कांडे आहेत आणि शब्दांची सुरुवातच बुद्धांच्या नावांनी होते. अमरकोशाचा तिबेटी अनुवाद तंजूर या महासंग्रहात समाविष्ट झाला आणि सुभूतिचंद्र या बौद्ध पंडितांची कामधेनु ही टीकाही तिबेटीत गेली. केरळात राहून गेलेले पाद्री पाउलिनस यांनी १७९८ मध्ये रोम येथे अमरकोशाचा पहिला भाग छापला. १८०८ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरहून हेन्री कोलब्रुक यांची इंग्रजी अर्थांसह आवृत्ती निघाली.

आपल्या महाराष्ट्रात या परंपरेचा एक ठळक ठसा शिवकालात दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश तयार केला. दरबारात रूढ झालेल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. विषयवार वर्ग आणि पाठ करता येईल असे पद्य, ही त्याची घडण अमरकोशाचीच आहे. पुढे १९१३ मध्ये पुण्यातून कृष्णाजी गोविंद ओक यांनी क्षीरस्वामींच्या टीकेसह अमरकोश प्रसिद्ध केला.

कोशाचा वारसा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईत विद्यार्थिदशेत संस्कृत विषय घेऊ दिला गेला नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेच्या सर्वांत लाडक्या कोशाचा कर्ता बौद्ध होता, त्या भाषेचे दार या देशाच्या भावी घटनाकारासमोर बंद करण्यात आले. बाबासाहेबांनी ते दार स्वतः उघडले. पुढे स्वकष्टाने संस्कृत शिकून त्यांनी शास्त्रग्रंथांची चिकित्सा केली. १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर लिहिताना त्या ग्रंथांनाच त्यांनी साक्षीला उभे केले.

आणि एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. बाबासाहेब स्वतः कोशकारही होते. राज्यघटना, कायदे, संसद आणि आजारपण या सगळ्यातून वेळ काढून त्यांनी पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांचे काम हाती घेतले होते. पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ देण्याचा त्यांचा प्रयत्न होता. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात हे काम प्रसिद्ध केले आहे. धम्म लोकांपर्यंत न्यायचा तर आधी लोकांच्या हाती शब्द दिले पाहिजेत, हे त्यांनी जाणले होते. अमरसिंहांनी बौद्ध आचार्यांच्या वाटेने जाऊन विद्वानांची भाषा सर्वांसाठी बांधून ठेवली. बाबासाहेबांनी तथागतांची भाषा आपल्या घरातील भाषेत आणण्यासाठी कोश हाती घेतला. दोघांमध्ये दीड हजार वर्षांचे अंतर आहे. त्यांच्यामध्ये एक भिंतही आहे, जी पहिल्याने नोंदवली आणि दुसऱ्याने पाडायला घेतली.

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात आज जी मुले-मुली राहतात, त्यांच्या घरी मराठीची कितीतरी रूपे बोलली जातात. कोणाच्या घरी शेतीची अवजारे आहेत, कोणाच्या घरी विणकामाची, कोणाच्या घरी बांधकामाची. ते शब्द घेऊन ती येथे येतात आणि येथे आल्यावर पुष्कळदा लाजून ते विसरतात. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांना ते विसरू देऊ नये. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने आजीला विचारून तिच्या कामातील दहा शब्द वहीत लिहून आणावेत, त्यांचा अर्थ लिहावा, जमल्यास जुने मूळ शोधावे. वर्गावर्गातून अशा वह्या जमल्या तर तो आपला कोश होईल. त्यात कोणाचाही वर्ग शेवटी असण्याचे कारण नाही.

विद्यालयाच्या आवारात पिंपळ आहे. त्याच्या पारावर बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी त्याचे ते नाव आठवावे, जे एका बौद्ध कोशकाराने सर्वांत आधी लिहिले आणि ज्याच्या विरोधकांनीही ते मुकाट्याने पाठ केले. बोधिद्रुम.